पदरची एक लकब

रघू गेल्याची बातमी मला हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात, पुतण्याच्या कापडदुकानात मिळाली. सकाळचे अकरा वाजले असतील. दोन बायका खणाच्या कापडावरून हुज्जत घालत होत्या. फोन वाजला, पुतण्यानं क्षणभर ऐकलं आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडे सिंधूवहिनी होत्या, रघूच्या पत्नी. “माधवअण्णा, हे गेले. अर्धा तास झाला. या तुम्ही.” आवाज अगदी स्थिर होता. आज या गोष्टीला पाच आठवडे होऊन गेलेत, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. त्या क्षणी मला दुःख झालं नाही, भीती वाटली. पन्नास वर्षांचा मित्र गेला होता आणि धारवाडच्या बसमध्ये बसून मी एवढाच विचार करत होतो, की वहिनी आता चारचौघांत मला काही बोलतील का… त्या काही बोलल्या नाहीत. मला बघितल्यावर पदर सावरून बाजूला सरकल्या आणि बसायला जागा करून दिली. ती भीती कशाची होती हे सांगितल्याशिवाय मला रघूबद्दल काही लिहिता येणार नाही, आणि ते सांगताना माझी अब्रू राहणार नाही. तरी सांगतो.

रघुनाथ सवदीकर हे नाव वाचकांना त्याच्या तीन कथासंग्रहांमुळे माहीत असेल. धारवाडच्या दोन पिढ्यांना तो इंग्रजीचे सवदीकर सर म्हणून ठाऊक होता. माझ्यासाठी तो रघू. छप्पन साली, राज्यं नव्यानं आखली जात होती आणि आमच्या घरांतली वडीलधारी माणसं आता आपण कुठले यावर तावातावानं बोलत होती, तेव्हा आम्ही दोघं इंग्रजीच्या वर्गात एका बाकावर येऊन बसलो. इंग्रजीचे विद्यार्थी म्हणजे त्या काळी गावाची करमणूक होती. ऐन एप्रिलमध्ये अंगात कोट. चालताना ओठ हलत असायचे, कारण कविता पाठ करणं चालू असायचं. एकानं तर न्हाव्याच्या खुर्चीत बसून अख्खा निबंध म्हणून दाखवला होता, आणि न्हाव्यानं तो संपेपर्यंत वस्तरा हातात धरून ठेवला होता. आमचा एक नियम होता. लायब्ररीच्या पायरीपासून हॉटेलच्या दारापर्यंत फक्त इंग्रजी बोलायचं. ज्याच्या तोंडून दुसऱ्या भाषेतला शब्द जाईल त्यानं आठवडाभर सगळ्यांची पुस्तकं वाहायची. वर्षभर ती पुस्तकं बहुतेक रघूनंच वाहिली. त्याला इंग्रजी येत नव्हतं असं नाही, आमच्यात त्याचंच सर्वांत चांगलं होतं. पण रस्त्यावर भाजीवाली कोणाला शिव्या देत असली की हा थांबायचा, तिला कन्नडमधून विचारायचा, “अक्का, काय म्हणालात? परत म्हणा की,” आणि खिशातली चिठ्ठी काढून तो शब्द लिहून घ्यायचा. आम्ही हसत पुढे जायचो आणि हा चार जणांची पुस्तकं काखोटीला मारून मागून यायचा.

पुढे तो तिथेच प्राध्यापक झाला, मी हुबळीच्या एका कॉलेजात चिकटलो. मी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत हलकंफुलकं लिहू लागलो, तो कथा लिहू लागला. माझं लिखाण पंगतीतल्या कोशिंबिरीसारखं, असलं तर बरं. त्याचं लोक जपून ठेवायचे. धारवाडातच, मळमड्डी भागात त्यानं घर घेतलं. निळं फाटक, खाली दोन खोल्या, वर एक. वरच्या खोलीत तो रोज सकाळी सहा ते आठ लिहायचा, आतून कडी लावून. चाळीस वर्षांत त्या दोन तासांत कोणी आत गेलं नाही, वहिनीसुद्धा नाही. आत तो काय करतो ते त्यानं सांगितलं तेवढंच आम्हाला माहीत. उभ्यानं लिहितो, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून. पेन्सिल कानावर. कागद म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू, कारण कोऱ्या कागदाची त्याला धास्ती वाटायची. चहाचा पहिला घोट उभ्यानं, बाकीचा बसून. वर्गात हजेरी घेताना डोळे मिटून घ्यायचा आणि नुसत्या आवाजावरून कोण कोणाची खोटी हजेरी लावतंय ते ओळखायचा. रस्त्यानं जाताना वाक्य सुचलं की भर रस्त्यात थांबायचा. मळमड्डीतल्या स्कूटरवाल्यांना ते इतकं सवयीचं झालं होतं, की हॉर्नसुद्धा न वाजवता वळसा घालून जायचे. “सर कथेत आहेत,” असं म्हणायची पोरं.

हे सगळं सांगण्याचं कारण असं, की या लकबींनीच पुढे आमचा घात केला. माणूस पहिल्यापासून विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध असला, की त्याचं खरोखर काही बिघडलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. सत्तरीच्या अलीकडे एकदोन वर्षं असतील. मी त्याच्याकडे गेलो होतो. चष्मा काढताना त्याच्या खिशातून चिठ्ठी पडली, ती मी उचलली. तिच्यावर लिहिलं होतं: ‘घर. निळं फाटक. देवळापासून तिसरी गल्ली. सिंधू आत असते.’ मी ती मोठ्यानं वाचली आणि म्हणालो, “रघू, सुरुवात फार छान आहे रे. नवी कथा?” तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, अर्धवट लिखाण वाचलं म्हणून रागावला. मग त्यानं हळूच विचारलं, “होय? छान आहे?” आणि चिठ्ठी घेऊन घडी घालून परत खिशात ठेवली. त्याच बैठकीत आणखी एक वाक्य तो बोलला होता. म्हणाला, “माधव, हल्ली बोलताना मधेच जिन्याची शेवटची पायरी नसावी तसं होतं बघ. पाय टाकतो तर खाली काहीच नाही.” काय उपमा आहे, असं मला वाटलं. घरी येऊन मी ती वहीत उतरवून ठेवली. मी असा माणूस आहे.

थोड्याच दिवसांनी वहिनींनी मला व्हरांड्यात गाठलं. रघू परसात होता, तरी त्या आवाज दाबून बोलत होत्या. “माधवअण्णा, तुम्ही जरा बघा की ह्यांच्याकडे. काहीतरी बिघडलंय हो. परवा हुबळीहून येताना बसमधून वाटेत उणकललाच उतरले आणि तळ्याकाठी बसून राहिले. ऊन उतरेपर्यंत. त्यांचा जुना एक विद्यार्थी तिकडं घर बांधायलाय, त्यानं बघितलं म्हणून घरी आले. विचारलं तर म्हणतात, तळं बघायला गेलो होतो.” मी हसलो. म्हणालो, “वहिनी, लेखक माणूस तळं बघायला गेला यात नवल काय? इतकी वर्षं झाली लग्नाला, अजून नवऱ्याची सवय झाली नाही तुम्हाला?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “सवय आहे म्हणूनच सांगायलेय की,” त्या म्हणाल्या. “वरच्या खोलीला कडी लावत नाहीत हल्ली. दार उघडं टाकून बसतात. मी दारात उभी राहिले तरी कळत नाही त्यांना. हुबळीच्या डॉक्टरांकडे न्यायचं म्हणते मी, तर माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.” मी म्हटलं, बघू, बोलतो. परसातून रघू आला, गप्पा सुरू झाल्या, त्यानं एका जुन्या प्राध्यापकाची अशी काही नक्कल केली की आम्ही दोघं पोट धरून हसलो. वहिनी आत निघून गेल्या. जाताना “बिड्री, जाऊ दे,” एवढं पुटपुटलेलं मला ऐकू आलं. मी त्याच्याशी बोललो नाही. पुढच्या खेपेला बोलू, असं ठरवलं आणि पुढच्या खेपेलाही तेच ठरवलं.

असं करत करत त्याची सत्तरी आली आणि याच पुरवणीच्या संपादकांनी मला लेख मागितला. मी लकबींवर लिहायचं ठरवलं. वर्गात आम्ही नाटकातल्या पात्रांची स्वभावचित्रं लिहायचो, एकेक गुण आणि त्याला एकेक दाखला, त्याच धर्तीवर. प्रश्नपत्रिका, खिडकी, पेन्सिल, चहा, मिटलेले डोळे, रस्त्यात थांबणं, सगळं आलं. पायरीची उपमाही घातली, त्याच्या प्रतिभेचा नमुना म्हणून. लेख झकास उतरला, पण आठ ओळी कमी पडत होत्या. संपादकांचा दोनदा निरोप आला. मी विचार केला आणि एक लकब पदरची घातली. लिहिलं, की सवदीकर लिहायला उभे राहण्यापूर्वी घरातल्या घरात छत्री उघडतात, खोलीच्या कोपऱ्यात ठेवतात, आणि तिच्याकडे पाठ केल्यावरच त्यांना पहिलं वाक्य सुचतं. कडी लावलेल्या खोलीतली गोष्ट, कोण खोटी पाडणार? रघू वाचून शिव्या देईल, एवढंच वाटलं होतं. आमच्यासारखे लिहिणारे हे करतातच. आठ ओळी हव्या असतात आणि माणूस समोर असतो.

लेखाचं कौतुक झालं. पत्रं आली. धारवाडात लोक रघूला थांबवून, “काय सर, छत्री आहे ना जागेवर?” असं विचारू लागले. रघूनं मात्र शिव्या दिल्या नाहीत. लेखाविषयी चकार शब्द काढला नाही. मला थोडं लागलं ते. मग मधे माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं, जाणंयेणं कमी झालं, आणि मी मळमड्डीला गेलो तो थेट फेब्रुवारीत. बाहेर लख्ख ऊन होतं. वहिनी म्हणाल्या, वर आहेत, जा. दार उघडंच होतं. मी आत पाऊल टाकलं आणि कोपऱ्यात बघितलं. काळी छत्री पूर्ण उघडून ठेवलेली होती. मला हसू फुटलं. म्हटलं, सहा महिने थांबून गड्यानं बरोबर सूड उगवला. “पकडलंस मला,” मी म्हणालो, “हरलो बाबा.” रघू हसला. पण ते हसणं ओळखीचं नव्हतं. घरी आलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तसं होतं. मग त्यानं टेबलावरची पेन्सिल उचलून कानावर ठेवली. एक पाठकोरी प्रश्नपत्रिका घेतली, खिडकीपाशी गेला, ती कट्ट्यावर ठेवली. वहिनींनी चहा आणला. त्यानं उभ्यानं एक घोट घेतला, मग खुर्चीत बसला आणि उरलेला चहा प्यायला. प्यायल्यावर माझ्याकडे बघितलं… शाळेतलं मूल पाठ म्हणून झाल्यावर मास्तरांकडे बघतं तसं.

तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी आज शपथेवर सांगतो. ज्या क्रमानं मी लिहिलं होतं त्याच क्रमानं तो करत होता. एकही गोष्ट सुटली नव्हती. खिडकीतून ऊन आत येत होतं, छत्रीची सावली भिंतीवर अर्ध्यापर्यंत चढली होती, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं. काहीतरी वाईट त्या खोलीत येऊन बसलंय आणि ते आपल्यालाच ओळखतंय, असं काहीतरी वाटलं. पण मी स्वतःची समजूत घातली, की गंमत लांबवतोय. इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. निघताना त्यानं विचारलं, “माधव, आपण वर्गात किती जण होतो रे?” मी म्हटलं, अकरा. त्यानं मान हलवली आणि चिठ्ठीवर अकरा लिहून घेतलं. मी जिना उतरून, निळं फाटक लावून, ऑटोत बसलो. वहिनी फाटकाशी उभ्या होत्या. त्यांना मी एवढंच म्हणालो, की बरा दिसतोय की.

पुढचं लवकर झालं. एप्रिलमध्ये तो न्हाणीघरात पडला. हुबळीला नेलं, तपासण्या झाल्या. मेंदूत गाठ होती, हळूहळू वाढत गेलेली. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलले. दोन वर्षं आधी आणलं असतं तर काढता येण्याजोगी होती, आता हात लावण्यात अर्थ नाही. “दोन वर्षांत घरच्यांना काहीच फरक जाणवला नाही?” असं त्यांनी विचारलं तेव्हा खोलीत मी आणि वहिनी दोघंच होतो. वहिनी बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. मीच म्हणालो, “लेखक आहेत ते.” डॉक्टरांना याचा अर्थ कळला नसावा. आठ महिने तो अंथरुणाला होता. मी दर रविवारी जायचो. एका रविवारी मी काही वाचून दाखवत होतो, तेव्हा त्यानं वहिनींना विचारलं, “हे सर कुठले?” वहिनी म्हणाल्या, “माधवअण्णा आहेत.” त्याबरोबर त्याचा चेहरा एकदम निवळला. “माधव असेल तर ठीक आहे,” तो म्हणाला आणि झोपी गेला. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

दिवस झाल्यावर वहिनींनी मला बोलावून घेतलं. म्हणजे ज्याची भीती होती ती वेळ आली होती. वर गेलो, तर त्यांनी कपाटातून एक कात्रण काढून माझ्या हातात दिलं. माझाच लेख, घड्यांवर फाटत आलेला, मागून कागद चिकटवून सांधलेला. “रोज सकाळी वाचत होते,” वहिनी म्हणाल्या. “देवाला नमस्कार केल्यासारखं. आधी वाचायचे, मग खाली यायचे. मला वाटायचं, कौतुक झालंय म्हणून वाचायलेत.” समासात पेन्सिलीनं आकडे घातले होते आणि प्रत्येकापुढे बारीक अक्षरात काही लिहिलं होतं. आम्ही परीक्षेच्या पुस्तकांत लिहायचो तसं. हजेरीपुढे: ‘आता वर्ग नाही. सोडून देणे.’ रस्त्यात थांबण्यापुढे: ‘कडेला थांबणे. सिंधू घाबरते.’ चहापुढे: ‘कोणी आलं तर विसरायचं नाही.’ पायरीच्या उपमेखाली दोन रेघा होत्या आणि लिहिलं होतं: ‘हे मी माधवला सांगितलं होतं. त्याला कळलं नाही.’

सगळ्यांत खाली छत्री होती. तिच्यापुढे जास्त लिहिलं होतं, खोडून पुन्हा लिहिलं होतं. ‘हे मला अजिबात आठवत नाही. पण माधवनं लिहिलंय म्हणजे मी करत असणार. छत्री कुठे असते ते सिंधूला विचारणे.’

मी ते कितीदा वाचलं सांगता येत नाही. वहिनी म्हणाल्या, “विचारलं होतं त्यांनी. घरात छत्री उघडू नये म्हणून मी भांडलेही. तर म्हणाले, माधवला ठाऊक आहे. मग काढून दिली.” मला वाटलं, आता म्हणतील. व्हरांड्यातलं ते बोलणं आता काढतील. पण त्यांच्या मनात ते नव्हतंच. कात्रणातल्या त्या शेवटच्या ओळींवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “एवढी जन्माची सवय, तीसुद्धा विसरले होते बघा. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की किती पुढं गेलंय. मलाच कळलं नाही.”

आठवत नाही असं त्यानं जिथं लिहिलं होतं, नेमकी तिथं रघूची आठवण शाबूत होती, आणि माझ्या आठ ओळींसाठी त्यानं ती खोटी ठरवली. हे मला तिथं, त्या खोलीत, त्या बाईंना सांगता आलं नाही. मी मान खाली घालून बसलो आणि वहिनींना वाटलं मी रडतोय. रडत होतोही.

निघताना माझं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. खोली झाडून पुसून लख्ख केलेली होती, टेबलावर काही नव्हतं, आणि कोपऱ्यात ती छत्री उघडून ठेवलेली होती. मी बघतोय हे त्यांनी बघितलं. “रोज उघडते मी,” त्या म्हणाल्या, “केर काढून झाला की. संध्याकाळी मिटून ठेवते. चाळीस वर्षं कडी लावून काय करायचे ते मला कधी बघायला मिळालं नाही. हे एक कळलं, तेही तुमच्यामुळं. तेवढंच राहिलंय माझ्याकडं.”

वहिनी ही पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. रविवारी सकाळी, केर काढून झाल्यावर.